मोटार आधी विचारते

प्रेमराज वारला त्याला वर्ष होत आलं, तोवर दिपमालाने त्याच्या एकाही पानाला हात लावला नव्हता.

दिपमाला धुळ्याला देवपुरात राहायची आणि तिथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. कॉलेज सांभाळून ती 'पाटकरी'चं मराठी मॅन्युअल बघायची. पाटकरी म्हणजे खरं तर कालव्याचं पाणी पाळीपाळीने शेतात सोडणारा माणूस. पण हा पाटकरी विहिरीवरच्या मोटारीशेजारी बसवलेल्या एका लहानशा डब्यात राहायचा. ते एक सॉफ्टवेअर होतं. लाईट आली की मोबाईलवर कळवायचं, घरबसल्या मोटार चालू-बंद करू द्यायचं, केळीच्या कोणत्या बागेला किती पाणी गेलं ते सांगायचं. कोण्या कंपनीचं नव्हतं. त्याचा कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा होता. ज्याला हवं त्याने फुकट वापरावं, ज्याला जमेल त्याने सुधारावं.

सुरुवात दोघांनी केली होती. जळगावचा ललित आणि जळगावला लागूनच असलेल्या असोद्याचा प्रेमराज. ललितने कोड लिहिला, प्रेमराजने डबा जुळवला आणि मॅन्युअल लिहिलं. पुढे धुळ्याची दिपमाला त्यांना इंटरनेटवरच भेटली. ती आधी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासायची. मग एका सकाळी प्रेमराज मोटारसायकलवर जळगावला निघाला आणि हायवेवर ट्रकखाली गेला. मॅन्युअल दिपमालाकडे आलं. कोणी दिलं नाही, कोणी मागितलं नाही. घरातलं माणूस गेल्यावर गुरांचं चारापाणी जसं कोणा एकावर येऊन पडतं, तसं आलं.

तिने प्रेमराजला कधी पाहिलं नव्हतं. फोनवर चार शब्द बोलणं झालं असेल तेवढंच. पण त्याचं मॅन्युअल वाचताना तो शेजारी उकिडवा बसून सांगतोय असं वाटायचं. 'वायर जोडली? आता हात पुसा आणि पुन्हा बघा.' 'हे पान समजलं नाही तर दोष तुमचा नाही, माझा आहे. कळवा.' लोक अजूनही कळवत. 'प्रेमराजभाऊ, डब्यातला लाल दिवा जात नाही.' दिपमाला स्वतःच्या नावाने उत्तर द्यायची, तरी खाली आभार यायचे ते प्रेमराजभाऊंचेच. नवीन काही आलं की ती नवीन पान जोडायची. त्याची पानं तिने होती तशी ठेवली होती.

मार्चमध्ये ललितने नवं व्हर्जन काढलं. आधी असं होतं, की लाईट गेली आणि परत आली तर मोटार गप्प बसायची आणि मोबाईलवर विचारायची: सुरू करू का? लोक वैतागले होते. लाईट येते अवेळी, मोबाईलला रेंज नसते, माणूस 'हो' म्हणेपर्यंत लाईट पुन्हा जाते आणि बाग कोरडी राहते. म्हणून आता लाईट आली की मोटार आपली आपण सुरू व्हायची.

"मॅन्युअलमध्ये तेवढं बदलून घ्या, ताई," ललित फोनवर म्हणाला. "मॅन्युअलने कोडच्या मागे चालायचं असतं."

ते तिलाही पटत होतं. तिने प्रेमराजचं पान उघडलं.

'लाईट आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. ती आधी विचारते. तुम्ही हो म्हटल्याशिवाय जागची हलत नाही. विहिरीत उतरायचं असेल तर निर्धास्त उतरा.'

तिने ती ओळ खोडली, नवीन लिहिली, जतन केली. मनाला चुटपुट लागली, पण लागायचीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा खाताना तिने मॅन्युअल उघडलं, तर जुनी ओळ जागेवर होती. ती ओळ, तो परिच्छेद, सगळं. अशा प्रकल्पात कोणी काय बदललं त्याची नोंद आपोआप राहते. नोंदीत लिहिलं होतं: 'प्रेमराज. मूळ पान परत ठेवलं. असू द्या.'

हातातला घास हातात राहिला.

तिला आधी वाटलं, ललितनेच काहीतरी केलं असेल. ललित म्हणाला, "मला काय पडलंय? मीच तर तुम्हाला बदलायला सांगितलं."

तिने पुन्हा बदललं. एक दिवस राहिलं. मग पुन्हा तेच: 'प्रेमराज. मूळ पान परत ठेवलं. असू द्या.' कधी सकाळी व्हायचं, कधी भर दुपारी. वेळेचा मेळ लागत नव्हता.

"कोणाच्या तरी हाती त्याचा पासवर्ड लागलाय," ललित म्हणाला. "मी त्याचं खातं बंद करून टाकतो."

"थांबा, ललितभाऊ. इतक्यात नको."

"का?"

प्रेमराज गेल्यावर त्याचं खातं दोघांनी मिळूनच तसं ठेवलं होतं. ते बंद करणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पोचवून येण्यासारखं वाटायचं.

मग तिने एक वेडेपणा केला. त्याच्या दुसऱ्याच एका पानावर, जिथे नव्या व्हर्जनचा काही संबंध नव्हता, तिथे नुसता एक स्वल्पविराम काढला. कोणाच्या लक्षातही येऊ नये असा. दुसऱ्या दिवशी तो स्वल्पविराम जागेवर होता. 'असू द्या.'

त्या दिवसापासून ती लॅपटॉप उघडताना दचकायला लागली. वर्गात पोरांना शिकवताना फळ्यावर लिहिलेलं पुसायला हात उचलायची आणि क्षणभर थांबायची. पांझरेच्या पुलावरून घरी येताना तिला वाटायचं, मागून कोणीतरी आपल्या चालीने चालतंय; वळून बघितलं तर उन्हाने पांढरी पडलेली नदी आणि भाजीच्या हातगाड्या. नवऱ्याला, चंदनला, तिने सांगितलं. तो हसला नाही, पण म्हणाला, "कॉम्प्युटरमध्ये भूत राहत नाही. कोणीतरी माणूस बसलाय तिकडे. शोध."

एका सुट्टीच्या दिवशी, घरात कोणी नसताना, तिने प्रेमराजच्या पानावर सगळ्यात वर एक ओळ लिहिली: 'प्रेमराजभाऊ, तुम्ही आहात का?' जतन केलं आणि लगेच लाज वाटली. लोक वाचतात हे पान, काय म्हणतील? खोडून टाकायला म्हणून पुन्हा उघडलं, तेवढ्यात तिची ओळ गेली होती. नोंद ताजी होती. मूळ पान परत ठेवलं. असू द्या.

ती उठून अंगणात गेली आणि उन्हात उभी राहिली. उन्हाचा चटका बसत होता तरी अंगावर काटा होता.

पुढच्या रविवारी तिने जळगावची एसटी पकडली. ललितकडून असोद्याचा पत्ता घेतला होता. प्रेमराजची आई एकटीच राहते, एवढं त्याला माहीत होतं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वाळलेली रानं होती. बसमध्येच तिने मोबाईलवर पान पुन्हा एकदा बदललं. बघू या, असं मनाशी म्हणाली, पण बघायला मिळावं असं तिला वाटत नव्हतं.

असोद्याचं घर साधं, पत्र्याचं, पुढे निंबाचं झाड. दारात बाजेवर एक म्हातारी दादर ज्वारी निवडत बसली होती.

"कोन शे वं?"

ती भिकुबाई, प्रेमराजची आई. माहेर शिंदखेड्याकडचं, सगळा जन्म असोद्यात काढला तरी जिभेवरची अहिराणी गेली नव्हती. दिपमालाने सांगितलं, धुळ्याहून आले, प्रेमराजभाऊंच्या कामातली आहे. म्हातारीने तिचा हात धरला आणि सोडलाच नाही.

"ये माय, बैस. ऊन कितलं शे! लाईट नही, पंखा बंद शे."

तिने माठातलं पाणी दिलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. खाल्ल्याशिवाय बोलू देईना. मग आपणहोऊन म्हणाली, "त्यानी खोली देखनी शे का?"

खोली आतल्या बाजूला होती. टेबलावर कॉम्प्युटर, भिंतीवर प्रेमराजचा हार घातलेला फोटो. दिपमालाने त्याला पहिल्यांदा पाहिला. चेहरा तिच्या मनातल्यासारखा नव्हता. कान मोठे होते, नजर जराशी हसरी. टेबल, खुर्ची, कळफलक, सगळं रोज पुसलेलं. धुळीचा कण नव्हता.

"मी कोनले हात लावू देत नही," भिकुबाई म्हणाली. "नेटचं पुतण्या भरस. त्याले मी सांगेल शे, बंद करजो नको."

"का, अक्का?"

"लाईट उनी का तो बोलस."

लाईट आली की तो बोलतो? दिपमालाला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. विचारणार, तोच बाहेरच्या खोलीतला पंखा फिरायला लागला. लाईट आली होती. टेबलाखालून 'टीं' असा एक आवाज झाला, आणि म्हातारी दारातूनच हलक्या आवाजात म्हणाली, "ओ, बेटा."

कॉम्प्युटर आपला आपण सुरू झाला. पडदा उजळला. रिकाम्या खुर्चीसमोर अक्षरं वर सरकायला लागली, कोणी भराभर टाईप करत असावं तशी. दिपमाला भिंतीला टेकली. तेवढ्यात तिच्या पर्समधला मोबाईल थरथरला. तिने काढून बघितला.

'प्रेमराज. मूळ पान परत ठेवलं. असू द्या.'

खुर्चीत कोणी नव्हतं. फोटोतला माणूस तसाच जराशी हसऱ्या नजरेने बघत होता.

मग दिपमालातली शिकवणारी बाई जागी झाली आणि ती खुर्चीत बसली. थोडं शोधल्यावर कळलं ते असं. प्रेमराजने आपल्या पानांची एक प्रत या मशीनवर ठेवली होती, आणि एक छोटासा प्रोग्राम. कॉम्प्युटर सुरू झाला, की तो प्रोग्राम ही पानं इंटरनेटवरच्या पानांशी ताडून बघायचा. फरक दिसला तर इकडची प्रत तिकडे चढवायचा. सुरुवातीच्या काळात कोणीही येऊन काहीबाही बदलायचं, त्यावरचा त्याचा हा उपाय असावा. लाईट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल, असंही त्यानेच करून ठेवलं होतं. इतके दिवस त्याच्या पानांना कोणी हात लावला नव्हता, म्हणून फरक नव्हता, म्हणून तो गप्प होता.

भूत नव्हतं. असोद्याची लाईट जात-येत होती, एवढंच.

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिने जमेल तसं भिकुबाईला समजावून सांगितलं.

"म्हंजे तो आजून लिखस?"

"तो नाही, अक्का. यंत्र लिहितं. त्याने लिहून ठेवलेलंच पुन्हा पुन्हा लिहितं."

"काय लिखेल शे?"

दिपमालाने ते पान तिला वाचून दाखवलं. लाईट आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. ती आधी विचारते. भिकुबाई ऐकता ऐकता खाली बसली, उंबऱ्यावरच.

"त्याना बाप तसाच गया," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. नवऱ्याचं नाव सुपडू. प्रेमराज शाळेत होता तेव्हाची गोष्ट. विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्विच लावलेला होता. लाईट आली की मोटार चालू. लाईट नव्हती म्हणून सुपडू वायर बघायला गेला. ऑटो बंद करायचं विसरला, का कोणी पुन्हा चालू करून ठेवलं, ते कळलंच नाही.

"हात वायरमां व्हता, आनि लाईट उनी. मोटार काय इचारस का, बाई? ती चालू व्हयनी." पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "मना प्रेमराज तवयपासून म्हने, मी इचारनारी मोटार करसू."

दिपमालाने नुसतं काहीतरी करायचं म्हणून मोबाईलवर पानाखालची चर्चा उघडली, लोक प्रश्न विचारतात ती जागा. सगळ्यात वर एक नवा प्रश्न होता, सकाळचा. विचारणाऱ्याचं नाव सुकलाल, गाव चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी.

'पानावर लिहिलंय की मोटार विचारल्याशिवाय सुरू होत नाही. आमच्याकडे लाईट नाही. पाईपाचा जोड सुटलाय, विहिरीत उतरून बसवायचा आहे. निर्धास्त उतरू ना?'

कोणी उत्तर दिलं नव्हतं. कोणी द्यायची गरजही नव्हती. पान तेच सांगत होतं.

आणि नावाशेजारच्या नोंदीप्रमाणे सुकलालच्या डब्यात नवं व्हर्जन होतं.

इतके दिवस ती पान परत येण्याला भीत होती. त्या पानाचा शब्द मोटार आता पाळत नव्हती, आणि त्यावर विसंबून कोणी विहिरीत उतरेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. तिने ललितला फोन लावला.

"ललितभाऊ, सगळ्या डब्यांना थांबायचा हुकूम पाठवा. आत्ता. मोटार सुरू करू नका म्हणून."

"काय झालं?"

तिने सांगितलं. पलीकडून कळफलकाची खडखड ऐकू आली. मग ललितचा आवाज, बसलेला: "बाकीच्यांनी ऐकलं. सुकलालचा डबा ऐकत नाही. रेंज नाही तिकडे."

"त्यांचा मोबाईल?"

"तोच लावतोय. लागत नाही."

दिपमालाने उत्तराच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं, उतरू नका. पानावरची ओळ काढून तिथे तसाच इशारा लिहिला. लिहिताना तिच्या लक्षात आलं, की असोद्याची लाईट पुन्हा गेली आणि आली, तर हे मशीन तिचा इशारा पुसून टाकेल आणि 'असू द्या' म्हणेल.

"अक्का, मला हे थांबवावं लागेल. दिवा लागेल, आवाज येईल. फक्त लिहायचं थांबवते."

भिकुबाई तिच्याकडे बघत राहिली. "त्यानं लिखेल वाचीसन कोनले काही व्हई का?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "होऊ शकतं, अक्का. आत्ताच होऊ शकतं."

म्हातारी उठली. दिपमालाला वाटलं, ही आता आडवी येईल. पण ती टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेली, वाकली, आणि प्लग धरून ओढला. पडदा काळा झाला. खोलीत बाहेरच्या पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

"बठ्ठंच बंद," ती म्हणाली. "अर्धं कशाले?" आणि प्लग हातात धरून तिथेच उभी राहिली, तो कुठे ठेवायचा हे न कळल्यासारखी.

फोन आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ललितचा होता. सुकलालच्या बायकोने, रुपलीने, रेंज मिळेल अशा टेकडीवर येऊन मिस्ड कॉलवाल्या नंबरला फोन केला होता. सुकलाल विहिरीत मधल्या टप्प्यावर उभा राहून जोड आवळत होता. लाईट आली. मोटार सुरू झाली. पाईप सापासारखा उसळला आणि त्याने सुकलालला खाली फेकून दिलं. पाणी कमी होतं म्हणून बुडाला नाही, पाणी होतं म्हणून दगडावर डोकं फुटलं नाही. खांद्याचं हाड मोडलं. गावातल्या लोकांनी बाजेवर घालून वर काढला.

"जिवंत आहे," ललित म्हणाला. हे त्याने एकदा सांगितलं, मग पुन्हा सांगितलं.

दोन-तीन दिवसांनी ते दोघं चोपड्याच्या दवाखान्यात गेले. दिपमाला आणि ललितसुद्धा समोरासमोर पहिल्यांदाच भेटत होते. सुकलाल खाटेवर टेकून बसला होता. तिशीतला, सडपातळ माणूस, खांदा प्लॅस्टरमध्ये. रुपली खाली बसून मोसंबी सोलत होती. ललितने सगळं सांगितलं. चूक कोडची, मी बदल केला, मी पुरता विचार केला नाही. दिपमाला म्हणाली, पान माझ्याकडे होतं.

सुकलालने ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"ते पान लिहिलं कोणी?" त्याने विचारलं. "त्याला बघायचं होतं मला. वाचताना वाटलं, हा माणूस विहिरीत उतरलेला आहे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "ते वारले," दिपमाला म्हणाली. "वर्ष झालं."

रुपलीचा मोसंबी सोलणारा हात थांबला.

"मेलेल्या माणसाचा शब्द तुम्ही तसाच ठेवला," सुकलाल छताकडे बघत म्हणाला. "शब्द चांगला होता हो. मोटारीनेच ऐकला नाही."

बाहेर आल्यावर ललित दवाखान्याच्या पायरीवर बसला. "मॅन्युअलने कोडच्या मागे चालायचं असतं, असं मीच म्हणालो होतो ना?"

"हो."

"मी आज रात्रीच मोटारीला पुन्हा विचारायला लावतो. लोक ओरडू देत."

लोक ओरडले. काहींनी पाटकरी काढून टाकला आणि जुना ऑटो स्विच लावून घेतला. त्याला इलाज नव्हता. पण मोटार पुन्हा विचारायला लागली, आणि प्रेमराजचं वाक्य पुन्हा खरं झालं. दिपमालाने ते आपल्या हाताने परत पानावर ठेवलं, फक्त शेवटचं 'निर्धास्त उतरा' तेवढं काढून. निर्धास्त हा शब्द तिला आता कोणाला देववत नव्हता. त्या जागी लिहिलं, उतरण्याआधी मेन स्विच पाडा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा.

मग तिने सगळं मॅन्युअल पहिल्यापासून तपासायला घेतलं. एकेक वाक्य घ्यायचं, डबा समोर ठेवायचा, वाक्यात लिहिलंय तसं करून बघायचं. खरं निघालं तर ठेवायचं. पावसाळा गेला त्यात. असोद्याला ती अधूनमधून फोन करायची. भिकुबाईने कॉम्प्युटरवर कापड टाकलं होतं. एकदा म्हणाली, लाईट येते तेव्हा अजून तोंडातून 'ओ' निघतं. मग आपलंच आपल्याला ऐकू येतं. दिपमाला नुसती फोन धरून बसली, आणि म्हातारीही तिकडे तशीच बसली.

दिवाळीनंतर मदतीला ज्योत्स्ना आली. नरडाण्याची, तिथल्याच एका कारखान्यात पॅनल जोडणारी, हुशार आणि बोलकी. रविवारी दोघी फोनवर एकत्र बसून पानं तपासायच्या.

"ताई, तुमचं हे वाक्य मला भारी आवडलं," ज्योत्स्ना एकदा म्हणाली आणि वाचून दाखवलं. "'घाई असेल तर आजचा दिवस जाऊ द्या. विहीर कुठे पळून जात नाही.'"

दिपमाला हसली. "ते माझं नाही गं. ते प्रेमराजभाऊंचं. दुसरं कोण असं लिहिणार?"

"नोंदीत तर तुमचं नाव आहे."

दिपमालाने लॅपटॉपवर ते पान काढलं. नोंद खरी होती. नाव तिचं, खातं तिचं. तारीख चोपड्याहून परत आल्यानंतरच्या आठवड्यातली. वाक्य लिहिल्याचं तिला काही केल्या आठवेना. त्या दुपारी ती घरी होती की कॉलेजात, तेही आठवेना. तिने वाक्य मनातल्या मनात वाचलं, आणि मनात आवाज आला तो तिचा नव्हता. तो फोनवर चार शब्द ऐकलेला, दीड वर्षापूर्वी विझलेला आवाज होता. पण बोट तर तिचंच चाललं असणार. प्लग काढलेला होता. खातं ललितने केव्हाच बंद केलं होतं.

खिडकीबाहेर भर दुपार होती. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी कपडे वाळत घालत होतं.

"ताई? आहात ना?" ज्योत्स्नाने विचारलं. "पुढचं पान घेऊ या?"

"थांब जरा," दिपमाला म्हणाली. "ते वाक्य पुन्हा एकदा वाच. मोठ्याने."

ज्योत्स्नाने वाचलं. नरडाण्याकडच्या हेलात, शेवटचा शब्द थोडा लांबवून. दिपमाला डोळे मिटून ऐकत होती. ज्योत्स्नाच्या तोंडून ते ज्योत्स्नाचंच वाटत होतं.